लहानपणीचं आवडतं सीरियल मुलीला द्यायचं आहे, पण कमी साखरेचं आणलं की ती खात नाही. काय करावं?

मुलगी चार वर्षांची आहे, तुमच्या लहानपणीचं सीरियल साखरेचा लेप असलेलं होतं, आणि आता त्याच धान्याचे साधे फ्लेक्स दिले तर ती दोन घास खाऊन वाटी सरकवते, असं तुम्ही लिहिलंय. शिवाय लहानपणीची चव आता 'तीच' लागत नाही, अशीही तुमची तक्रार आहे. माझ्या मते यात गोडीपेक्षा लगद्याचा दोष जास्त आहे.

साखरेचा लेप फक्त गोडीसाठी नसतो. तो फ्लेक्सवर काचेसारखा कडक थर धरतो, त्यामुळे दूध आत शिरायला वेळ लागतो. साध्या फ्लेक्सना हे कवच नसतं. मोठी माणसं वाटी पटकन संपवतात, पण चार वर्षांचं मूल रेंगाळत खातं. तिसऱ्या घासापर्यंत खाली चिखल झालेला असतो, आणि मूल तो नाकारतं. आपण मात्र समजतो की तिला गोडच हवं.

म्हणून आधी वाढायची पद्धत बदला. वाटीत १०० मिलि थंड दूध घ्या आणि २५ ग्रॅम फ्लेक्स एकदम न ओतता तीन वेळा मूठमूठ टाका. पहिली मूठ संपली की दुसरी. दूध गरम असेल तर कोणतेही फ्लेक्स बघताबघता मऊ पडतात, तिथे इलाज नाही. पातळ पाकळ्यांपेक्षा जाड पाकळ्यांचं सीरियल जास्त टिकतं. एवढ्यानेच काही मुलं साधं खायला लागतात.

नाहीच लागली, तर मिसळून द्या. वजन काट्यावर करा, कारण फ्लेक्स हलके असतात आणि वाटीने मोजलं की अंदाज हमखास चुकतो. सुरुवातीला १५ ग्रॅम गोड आणि १० ग्रॅम साधं. ती कुरकुर न करता खाऊ लागली की १० आणि १५, मग ५ आणि २०. शेवटचे ५ ग्रॅम गोड फ्लेक्स दुधात घालूच नका, वरून भुरभुरा. पहिला घास गोड आणि कुरकुरीत लागला की पुढचे घास सोपे जातात. दोन्ही प्रकार एकाच डब्यात मिसळून ठेवायचा मोह होईल, तो टाळा. साखरेचा चुरा तळाशी बसतो, मग सुरुवातीच्या वाट्या फिक्या आणि शेवटच्या अतिगोड होतात.

एवढा खटाटोप कशासाठी, ते आकड्यांत पाहा. लेपाच्या सीरियलमध्ये १०० ग्रॅममागे ३५ ग्रॅमच्या आसपास साखर असणं नवीन नाही, म्हणजे २५ ग्रॅमच्या वाटीत जवळपास ९ ग्रॅम. वरून टाकलेली, मधातली आणि फळांच्या रसातली साखर रोजच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत, शक्यतो ५ टक्क्यांच्याही आत ठेवावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. चार वर्षांच्या मुलाची गरज साधारण १३०० कॅलरी धरली तर ५ टक्के म्हणजे १६ ग्रॅम. निम्म्याहून जास्त वाटा नाश्त्यातच संपला. वरच्या ५ ग्रॅममधून मात्र पावणेदोन ग्रॅमच साखर जाते. पाकिटं ताडून पाहताना '१०० ग्रॅममागे' हाच रकाना वाचा. 'एका वाढणीमागे' हा आकडा वाढणी लहान धरली की आपोआप लहान दिसतो.

हा वाद जुनाच आहे म्हणा. केलॉग बंधूंनी १८९४ मध्ये उकडलेल्या गव्हाचे फ्लेक्स बनवले, मग मक्याचे, आणि त्यात साखर घालावी की नाही यावरून दोघा भावांचं चांगलंच बिनसलं.

चव 'तीच' लागत नाही ही तुमची तक्रारही खरी असू शकते. कंपन्या वेळोवेळी साखर आणि मीठ कमीजास्त करतात, आणि एकाच नावाच्या पाकिटात देशागणिक वेगळी कृती असते. शिवाय मुलांना मोठ्यांपेक्षा जास्त गोड आवडतं. आज तुम्हाला जे अतिगोड वाटतं, ते तेव्हा बेताचं वाटलं असेल.

पाकीट सादळलं असेल तर फ्लेक्स ताटात एकाच थरात पसरून १२० अंश सेल्सिअसला ५ ते ७ मिनिटं ओव्हनमध्ये ठेवा. बाहेर काढताना ते मऊच लागतील, गार झाल्यावर कुरकुरीत होतात. पूर्ण गार होण्याआधी डबा बंद केला तर आतली वाफ सगळं परत सादळवते. बेदाणे आधी वेचून काढा, ते दगड होतात. लेपाचे फ्लेक्स चिकटतात आणि करपतात, त्यांच्यावर हा प्रयोग नको. खवट वास येत असेल तर सरळ फेकून द्या. भाजल्याने ओल जाते, तेलाचा खवटपणा जात नाही.

लोह घातलेलं सीरियल असेल तर सोबत संत्रं किंवा स्ट्रॉबेरी द्या. दुधातलं कॅल्शियम लोह शोषायला अडथळा करतं, क जीवनसत्त्व मदत करतं. वाटीत उरलेलं दूधही पाजा, कारण वरून फवारलेली काही जीवनसत्त्वं त्यात उतरतात. अर्थात गोड फ्लेक्सचं असेल तर साखरही त्यातच उतरलेली असते.

घरात धाकटं भावंड असेल तर त्याला याच वाटीतलं भरवू नका. दोन वर्षांखालच्या मुलांना वरून घातलेली साखर नको, आणि एक वर्षाखाली मध असलेलं सीरियल अजिबात नको, बोट्युलिझम या गंभीर विषबाधेचा धोका असतो. अख्खे बदाम किंवा शेंगदाणे असलेलं मिश्रण पाच वर्षांपर्यंत टाळा, घशात अडकतं. ग्लुटेन (गहू, बार्लीतलं प्रथिन) चालत नसेल तर मक्याच्या फ्लेक्सवरही डोळे मिटून विश्वास ठेवू नका. पुष्कळ वेळा त्यात चवीसाठी बार्लीचं माल्ट असतं.