आधी आजी, मग स्कॅनर

नंतर वाचणाऱ्यांसाठी प्रश्न थोडक्यात: आपले एक सदस्य कॅलिफोर्नियात रिव्हरसाइडला राहतात. शेजारच्या ९२ वर्षांच्या आजींनी त्यांना बुटांची दोन खोकी दिली आहेत, आत सुमारे ३०० फोटो आणि निगेटिव्ह. आजींचे दिवंगत यजमान १९४० च्या दशकात कोरड्या तळ्यांवर हॉट रॉड (जुन्या गाड्यांत फेरफार करून केलेल्या वेगवान गाड्या) पळवायचे, पुढे घरच्या गराजमध्ये कस्टम, म्हणजे मनासारखं रूप दिलेल्या, गाड्या करायचे. एका पाकिटाला व्हिनेगरसारखा वास येतोय, म्हणून आग लागायची भीती आहे. विचारलंय ते हे: स्कॅनर कुठला घेऊ, किती डीपीआय (दर इंचाला किती ठिपके) ठेवू, आणि इन्स्टाग्रामवर टाकले तर चालतील का?

स्कॅनरचं सांगतोच, पण आधी वासाचं उरकू, कारण ते आजच करायचं काम आहे. व्हिनेगरचा वास येतोय म्हणजे ती फिल्म अ‍ॅसिटेटची. ती सहजासहजी पेटत नाही, ती आपली आपण कुजते. आधी वास, मग सुरकुत्या, मग फिल्म आक्रसते आणि वरचा थर पापुद्र्यासारखा सुटतो. पेटण्याची भीती असते ती नायट्रेट फिल्मची, आणि तिचा वास व्हिनेगरचा नसतो, उग्र, नाकात झोंबणारा असतो. ती पिवळी-तपकिरी पडते, चिकट होते. कोडॅकने रोल फिल्ममध्ये नायट्रेट १९५० पर्यंत वापरलं, तेव्हा तुमच्या खोक्यात दोन्ही निघू शकतात. निगेटिव्हच्या कडेला ‘सेफ्टी’ हा शब्द छापलेला असेल तर ते नायट्रेट नाही. नायट्रेटची शंका असलेल्या पट्ट्या कागदी पाकिटात, वेगळ्या, गार आणि हवेशीर जागी. घट्ट झाकणाच्या डब्यात कोंडू नका.

वासाचं पाकीट बाकीच्यांपासून आजच दूर करा. त्यातून सुटणारं आम्ल शेजारच्या पट्ट्यांनाही नासवतं, आंब्याच्या पेटीतल्या एका कुजक्या आंब्यासारखं. स्कॅनिंगचा पहिला नंबर त्याच पाकिटाचा. आणि खोकी गराजमध्ये असतील तर घरात आणा. रिव्हरसाइडचा उन्हाळा तुम्हाला मी सांगायला नको. कपड्यांच्या कपाटाचा मधला कप्पा उत्तम, सगळ्यात वरचा नको.

आता खरं उत्तर. स्कॅनर महिनाभर नाही आला तरी काही बिघडत नाही. कृष्णधवल प्रिंट ७०-८० वर्षं टिकलेत, आणखी महिनाभर नक्की टिकतील. आजी ९२ वर्षांच्या आहेत. या शनिवारी त्यांच्याकडे जा, परवानगी घेऊन फोनवर रेकॉर्डिंग लावा, आणि एकेक फोटो त्यांच्या हातात द्या.

हे मी शहाणपणानं सांगत नाहीये, चूक करून सांगतोय. २००६ साली मला असाच एक संग्रह मिळाला होता, त्यात पानाला चिकटवलेल्या फोटोंचा एक आल्बम होता. मी उत्साहानं सगळे फोटो सोडवले, आकारानुसार लावले आणि एका दुकानाला स्कॅन करायला दिले. त्यांनी ते व्यवस्थित केले, फक्त निगेटिव्ह ज्या पाकिटांत होते ती पाकिटं ‘जुना कचरा’ म्हणून टाकून दिली. पाकिटांवर महिना आणि गाव लिहिलेलं होतं. आल्बमचा क्रम तर मीच मोडला होता. चार महिन्यांनी मालकांना विचारायला गेलो तेव्हा ते माणसं ओळखण्याच्या पलीकडे गेले होते. माझ्याकडे आजही त्या संग्रहातले १४० सुंदर स्कॅन आहेत, आणि त्यातल्या ९० गाड्या कोणाच्या ते मला माहीत नाही.

म्हणून कशालाही हात लावण्याआधी खोकं जसं आहे तसं फोनवर टिपून घ्या. वरून एक फोटो, मग एकेक पाकीट, त्यावरचं अक्षर. कुठला फोटो कुठल्या फोटोशेजारी होता यावरूनच पुढे ‘हा त्याच दिवशीचा’ असं म्हणता येतं.

आजींना ‘ही गाडी कोणती?’ असं विचारू नका. विचारा, ‘हे कोणाचं अंगण? तेव्हा तुम्ही कुठे राहत होता? शेजारी उभा आहे तो कोण? त्याचं पुढे काय झालं?’ गाडीचं मॉडेल तुम्हाला फोटोतूनही कळेल, पण बॉनेटवर हात ठेवून उभ्या असलेल्या पोराचं नाव जगात बहुधा एकाच डोक्यात शिल्लक आहे. आणि त्या चुकल्या तर तिथल्या तिथे दुरुस्त करू नका. ‘तुमचे यजमान ही गाडी १९४७ मध्ये चालवत होते का?’ असं विचारलंत की त्या ‘हो’ म्हणतील, आणि ते उत्तर तुमचं असेल, त्यांचं नाही.

फोटो स्वतः काय बोलतो तेही वाचायला शिका, हा यातला सगळ्यात मजेचा भाग. तुमच्या पणजीच्या जुन्या फोटोत कपाळावरचं कुंकू काळंकुट्ट दिसतं, आठवतंय? त्या काळच्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग दिसायचाच नाही. अमेरिकेत घरगुती कॅमेऱ्यात सर्रास भरली जाणारी कोडॅकची व्हेरिक्रोम फिल्म १९३१ साली आली आणि ती याच जातीची होती. सगळे रंग नीट पकडणारी व्हेरिक्रोम पॅन आली १९५६ मध्ये. म्हणजे १९४८ च्या घरगुती फोटोतला ‘काळा’ रोडस्टर (उघड्या टपाची दोन आसनी गाडी) खरं तर लालभडक किंवा मरून असू शकतो. मी कोणाच्याही फोटोखाली ‘काळी गाडी’ असं लिहीत नाही, ‘गडद’ लिहितो. निगेटिव्हच्या कडेवर फिल्मचं नाव असतं, भिंगातून बघा. नुसतं ‘व्हेरिक्रोम’ की ‘व्हेरिक्रोम पॅन’, एवढ्यावरून काळाचा अंदाज येतो.

काळ ठरवायचा दुसरा नियम सोपा आहे: फोटो गाडीतल्या सगळ्यात नव्या भागापेक्षा जुना असू शकत नाही. उत्खननात थराचा काळ त्यातल्या सगळ्यात अलीकडच्या नाण्यावरून लावतात, तसंच. ही पोरं एका गाडीत चार गाड्यांचे भाग बसवायची. १९२९ च्या मॉडेल ए फोर्डच्या अंगावर १९३२ ची पुढची जाळी, खाली फोर्डचं आठ सिलिंडरचं फ्लॅटहेड व्ही-एट इंजिन, १९३९ च्या फोर्डचे पाण्याच्या थेंबासारखे मागचे दिवे. अशी गाडी बघून ‘१९२९ चा फोटो’ असं लिहिणारे महाभाग मी पाहिलेत. व्ही-एट फोर्डच मुळात १९३२ ला आली, आणि ते दिवे असतील तर फोटो त्याहूनही पुढचा. कस्टम गाड्यांत हबकॅप बघा. १९४७ च्या कॅडिलॅकच्या, मध्ये टोपीसारख्या फुगीर, ‘सोम्ब्रेरो’ म्हणतात त्या असतील तर फोटो युद्धानंतरचाच.

नंबरप्लेट तर सोन्याची खाण. कॅलिफोर्नियाची १९५६ ची मालिका पिवळ्यावर काळी होती, १९६३ ची काळ्यावर पिवळी. कृष्णधवल फोटोतही प्लेट फिकी की गडद हे कळतंच. मागच्या बंपरखाली लोंबणारी ओतीव अ‍ॅल्युमिनियमची पाटी म्हणजे क्लबचं नाव. दारावर चुन्यासारख्या रंगानं मोठा आकडा असेल तर तो तळ्यावरच्या शर्यतीचा. सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन ही १९३७ साली स्थापन झालेली संस्था या शर्यती घेते. तिच्या त्या काळच्या कार्यक्रमपत्रिकांत आकड्यासमोर माणसाचं नाव सापडतं. आजींच्या खोक्यात अशी मळकी पुस्तिका असेल तर ती फोटोंइतकीच जपा. पितळेचा किंवा पत्र्याचा छोटा बिल्ला मिळाला, ज्यावर तारीख आणि वेग कोरलाय, तर तो डॅशबोर्डवर लावायचा टायमिंग टॅग. अडगळ समजून टाकू नका.

पार्श्वभूमीही बघा. युद्धाआधी ही मंडळी मुरॉकच्या तळ्यावर जायची. ते लष्कराकडे गेलं, आज तिथे एडवर्ड्स हवाई तळ आहे. युद्धानंतर १९४६ पासून मुक्काम एल मिराजच्या कोरड्या तळ्यावर. १९४९ पासून उटाहमधलं बॉनविल आहेच, पण तिथे जमीन मिठाची, पांढरीशुभ्र. एल मिराजची जमीन मातीची, भेगाळलेली, आपल्याकडच्या एप्रिलमधल्या आटलेल्या पाझर तलावासारखी. एखाद्या फोटोत चाकांवर ठेवलेला माशासारखा पत्र्याचा डबा दिसला तर हसू नका. ती लढाऊ विमानाखाली टांगायची इंधनाची टाकी. बिल बर्क यांनी १९४६ मध्ये अशी टाकी वापरून पहिली गाडी केली, आणि युद्धातून उरलेल्या टाक्या स्वस्तात मिळत असल्यामुळे मग अनेकांनी केल्या.

घरात केलेल्या कस्टम गाड्यांच्या फोटोंना मी शर्यतीच्या फोटोंपेक्षा जास्त जपेन, हे माझं वैयक्तिक मत. शर्यतीत कॅमेरे पुष्कळ असायचे. जॉर्ज आणि सॅम बॅरिस या भावांनी १९५१ च्या मर्क्युरीचा टप कापून, तो बुटका करून बॉब हिरोहाटांसाठी जी गाडी घडवली, तिचे तयार झाल्यानंतरचे फोटो कितीतरी आहेत. पण अर्धवट कापलेला टप, जुन्या गाडीचा सुटा दरवाजा, शिशाचा थर चढवून घासलेलं मडगार्ड, जमिनीवर पसरलेली हत्यारं, असा फोटो कोण काढतो? घरचा माणूसच. आज त्या जुन्या गाड्या पुन्हा मूळ रूपात आणणारे लोक अशाच हलक्या, तिरक्या फोटोंवरून बिजागरी कुठे होती ते शोधतात. १९९७ पासून पेबल बीचच्या प्रतिष्ठित मोटार प्रदर्शनात हॉट रॉडना वेगळा वर्ग मिळाला, तेव्हापासून तर अशा पुराव्याची किंमत फारच वाढली. तेव्हा ‘हा हललाय, हा नको’ अशी निवड करू नका. सगळे ३०० ठेवा.

स्कॅनिंगचं झटपट. निगेटिव्हला वरून उजेड देणारा फ्लॅटबेड (सपाट काचेचा स्कॅनर) घ्या, जुना चालेल. छोटे प्रिंट १२०० डीपीआय, मोठे ६००, मध्यम आकाराचे निगेटिव्ह २४०० ते ३२००, ३५ मिमीचे ४०००. मूळ प्रत टिफ (TIFF) फाइलमध्ये, काहीही न सुधारता. कृष्णधवल निगेटिव्हला धूळ काढणारं इन्फ्रारेड बटण बंद ठेवा. कृष्णधवल चित्र चांदीचं असतं, चांदीतून इन्फ्रारेड जात नाही, चित्रच खराब होतं. कोडॅकच्या कोडॅक्रोम या रंगीत स्लाइडलाही ते मानवत नाही. प्रत्येक प्रिंट पाठपोट स्कॅन करा, पाठ कोरी असली तरी. कागदावर कोडॅकचा ‘वेलॉक्स’ शिक्का असेल, रंगीत प्रिंटच्या मागे ‘अमुक आठवड्यात केलेला’ असं छापलेलं असेल, ते सगळं हवं. पांढरी किनार कापू नका, कधीकधी महिना-वर्ष त्यातच छापलेलं असतं.

पीव्हीसीची चकचकीत पाकिटं नकोत, पॉलिएस्टरची घ्या. प्रिंटच्या पाठीवर लिहायचं तर मऊ पेन्सिलनं, कडेला, हलक्या हातानं. बॉलपेन समोरच्या बाजूला उमटतं. चिकटलेला फोटो ओढू नका. आल्बमसकट स्कॅन करा, मग दात साफ करायचा दोरा हळूहळू खालून फिरवा. ओल्या फडक्याला मात्र बंदी.

राहिलं इन्स्टाग्राम. प्रिंट तुमच्या हातात आहे म्हणून हक्क तुमचा होत नाही. आजींच्या यजमानांनी स्वतः काढलेल्या फोटोंचे हक्क साधारणपणे वारसांकडे येतात, म्हणून आजींकडून चार ओळींचं लेखी घ्या: काय दाखवायचं, कुठे, नाव द्यायचं की नाही. मुलं असतील तर त्यांनाही विचारा, नंतर कटकट नको. पाठीवर एखाद्या छायाचित्रकाराचा शिक्का असेल तर तो फोटो यजमानांनी विकत घेतलेला आहे आणि हक्क बहुधा त्या छायाचित्रकाराचा किंवा त्याच्या वारसांचा. अमेरिकेत अप्रकाशित फोटोचा कर्ता अज्ञात असेल तर मुदत काढल्यापासून १२० वर्षं असते, तेव्हा ‘जुना आहे, चालतंय’ हा हिशेब चुकीचा.

दाखवायचे ते २००० पिक्सेलचे, मोठा वॉटरमार्क न लावता. बरोब्बर गाडीच्या पोटावर स्वतःचं नाव ठोकणाऱ्यांचा मला राग येतो. ज्यांना चोरायचं ते कापून चोरतातच, आणि ज्याला खरंच चाकं बघायची होती त्याला ती दिसत नाहीत. त्यापेक्षा नाव-गाव फाइलच्या आत, मेटाडेटात लिहा. समाजमाध्यमं ते अनेकदा पुसून टाकतात, म्हणून फोटोखालीही लिहा. लिहिताना तीन गोष्टी वेगळ्या ठेवा: पाठीवर काय लिहिलंय, आजी काय म्हणाल्या, तुमचा तर्क काय. एकदा ‘हा अमक्याचा रोडस्टर’ असं चुकून गेलं की पुढची वीस वर्षं तेच फिरतं, आणि खुद्द त्याच्या नातवाला खोटं ठरवतात.

मूळ संग्रह शेवटी कुठे जावा हे आजींना आत्ताच विचारा. तुमच्यापासून फार लांब नाही, पोमोनाला ड्रॅग रेसिंगवाल्यांचं म्युझियम आहे, लॉस एंजेलिसमध्ये पीटरसन हे मोटारींचं म्युझियम आहे. द्यायचं तर आधी चौकशी करून, आणि एकत्र. लिलावाच्या साइटवर एकेक फोटो विकायचा मोह घरातल्या कोणाला झाला, तर निदान त्याआधी सगळ्याचं पाठपोट स्कॅन झालेलं असू द्या.

तुम्ही प्रश्नात लिहिलंय की एका फोटोत मडगार्ड नसलेला रोडस्टर आहे, दारावर तीन आकडे आणि त्यापुढे एक अक्षर, मागे तंबू आणि एक मुलगी डोळ्यांवर हात धरून उभी. तो पहिला स्कॅन करा आणि इथे टाका, किनारीसकट. अक्षर बहुधा वर्गाचं असेल, ते स्पष्ट दिसलं तर मी माझ्याकडच्या पत्रिकांत आकडा शोधून बघतो. आणि शनिवारी जाताना भिंग घेऊन जा. ते आजींच्या हातात द्या.