इंग्लंडच्या फुटबॉलमधील अव्वल श्रेणीत सर्वाधिक गोल ॲलन शियरर यांचेच आहेत का?

नाहीत, तो मान जिमी ग्रीव्ह्झ यांचा असून, त्यांनी १९५७ ते १९७१ या काळात चेल्सी, टॉटनहॅम आणि वेस्ट हॅम या क्लबांकडून अव्वल श्रेणीत ३५७ गोल केले. शियरर यांच्या नावावरील २६० हा आकडा केवळ प्रीमियर लीगचा, म्हणजे अव्वल श्रेणीच्या आजच्या स्पर्धेचा, आहे आणि ती स्पर्धा १९९२-९३ च्या हंगामात सुरू झाल्यामुळे त्याआधी साउदॅम्प्टनकडून त्यांनी लीगमध्ये केलेले २३ गोल त्यात मोजले जात नाहीत. गंमत अशी की, एप्रिल १९८८ मध्ये आर्सेनलविरुद्ध अवघ्या सतराव्या वर्षी केलेली हॅटट्रिक या वगळलेल्या गोलांतच आहे, आणि अव्वल श्रेणीतील सर्वांत तरुण हॅटट्रिकवीर हा ग्रीव्ह्झ यांचाच विक्रम तिने मोडला होता. ते गोल धरले तरी बेरीज २८३ च होते. मात्र प्रीमियर लीगपुरते बोलायचे झाल्यास ब्लॅकबर्नकडून ११२ आणि न्यूकॅसलकडून १४८ गोल करणारे शियररच अग्रस्थानी आहेत, आणि गुडघ्याच्या व घोट्याच्या गंभीर दुखापतींनी दोन हंगामांचा बराच भाग वाया गेला असताना त्यांनी ही मजल मारली, हे माझ्या मते अधिक विशेष आहे.