चढावर गाडी मागे का येते?

प्रश्न : लायसन्स नुकतंच मिळालं. सपाट रस्त्यावर अडचण नाही. पण खंबाटकी घाटात वाहतूक तुंबली की गाडी मागे येते नाहीतर बंद पडते. परवा तर जळका वासही आला. काय चुकतंय?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ब्रेकवरचा पाय ॲक्सिलरेटरवर जाईपर्यंत गाडीला धरून ठेवणारं काहीच नसतं. ते काम हँडब्रेकला द्या. हँडब्रेक पूर्ण ओढा, क्लच तळापर्यंत दाबून पहिला गिअर टाका. ॲक्सिलरेटर हलका दाबून आरपीएमचा (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा) काटा १५०० च्या आसपास ठेवा आणि क्लच सावकाश सोडत या. एका जागी इंजिनाचा आवाज जड होतो, बॉनेट किंचित उचलल्यासारखं वाटतं. तिथेच पाय थांबवा! बहुतेकांची घाई इथेच नडते, आणि इंजिन बंद पडतं. आता हँडब्रेक खाली करा. गाडी पुढे सरकली की ॲक्सिलरेटर थोडा वाढवत क्लच पूर्ण सोडा.

जळका वास बहुधा क्लचप्लेटचा, म्हणजे इंजिनाची ताकद गिअरकडे पोचवणाऱ्या चकतीचा. ब्रेक न लावता हाफ क्लचवर (क्लच अर्धवट दाबून) गाडी चढावर तोलून धरली, की प्लेट घासत राहते आणि तापते. थांबलात की हँडब्रेक आणि न्यूट्रल, एवढी सवय लावाच. वास आला तर सुरक्षित जागी १०-१५ मिनिटं थांबा. नंतरही आरपीएम वाढतो पण वेग वाढत नाही, असं दिसलं तर क्लच मेकॅनिकला दाखवा.

सराव आधी रिकाम्या, सौम्य चढावर करा.