टोमॅटोची रोपं कपात हलवताना नावाची पट्टी आधी लिहा

प्रश्न: गणपती झाल्यावर एकाच ट्रेमध्ये गावठी, चेरी आणि अर्का रक्षक असं तीन प्रकारचं टोमॅटोचं बी टाकलं. मार्करने लिहिलेली नावं उन्हापाण्याने उडाली, आता कुठलं रोप कुठलं तेच कळेना. रोपं पण काडीसारखी लांब झालीयत. कपात लावू का?
– एक वाचक, पुणे

उत्तर: लावा की, आणि आजच संध्याकाळी ऊन उतरल्यावर लावा. पहिली दोन गुळगुळीत पानं सोडून वरची कातरलेली पानं दोन-चार दिसायला लागली की रोप हलवायचं. लांब झाली म्हणून टाकून देऊ नका, टोमॅटोच्या खोडाला मातीत गेल्यावर जागोजागी मुळं फुटतात, म्हणून त्या खालच्या दोन पानांपर्यंत खोड सरळ मातीत गाडून टाका. मिरची-वांग्याला मात्र हे एवढं खोल करू नका. रोप उचलताना पानाला धरा, खोडाला अजिबात नाही, पान तुटलं तर नवीन येतं पण खोड चेपलं तर रोप गेलंच समजा. कपाला तळाला भोकं हवीतच, आणि कोकोपीट, गांडूळखत, थोडी माती एवढं पुरे. पाणी बेताने, सतत ओलं राहिलं की रोपं बुडापासून कोलमडतात. दोन-तीन दिवस सावलीत, मग हळूहळू उन्हात.

आता नावांचं. अंदाजाने नाव लिहू नका प्लीज, त्यापेक्षा प्रत्येक कपाला नुसता १, २, ३ नंबर द्या आणि वहीत लिहून ठेवा, फळ धरलं की चेरी आपोआप कळेल. पुढच्या वेळी दह्याच्या किंवा श्रीखंडाच्या डब्याच्या पट्ट्या कापा, पॉलिश पेपरने जरा घासा आणि साध्या शिसपेन्सिलीने लिहा, ते उन्हात उडत नाही. आइस्क्रीमची काडी कुजते. बी पेरलं त्याच दिवशी पट्टी खोचायची, आणि रोप कपात गेलं की पट्टी पण त्याच्याबरोबर गेली पाहिजे.

हे मी इतकं लावून धरतेय कारण अर्का रक्षक हा बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा एफ-वन संकरित वाण, म्हणजे दोन वेगळ्या वाणांच्या संकराची पहिली पिढी आहे, त्याचं बी धरून पुन्हा पेरलं तर तसंच झाड येईल याची खात्री नसते. बी धरायचं ते गावठीचं, आणि ते कुठलं झाड हे माहीत नसेल तर धरणार कसं? शिवाय चेरी बहुतेक वेळा वेलासारखी उंच जाते, तिला १२ ते १५ इंची कुंडी आणि काठी आधीपासूनच लागते.