पानं पिवळी पडली म्हणून घाबरू नका

ताई, टोपलीत राहून गेलेल्या बटाट्यांना कोंब आले आहेत. तेच कुंडीत लावले तर चालतील का?

चालतील. बटाटा हे मूळ नाही, जमिनीखाली फुगलेलं खोड आहे आणि त्याचे डोळे म्हणजे त्या खोडावरच्या झोपलेल्या कळ्या. एखादा बटाटा हातात गोल फिरवून पाहा. डोळे वळत वळत वर चढतात आणि एका टोकाशी दाटीनं येतात. लावताना ते टोक वर ठेवा.

मात्र खायला आणलेल्या बटाट्यांवर कोंब येऊ नयेत म्हणून पुष्कळदा प्रक्रिया केलेली असते. शिवाय वरून न दिसणारे विषाणूही त्यांत असू शकतात. म्हणून पहिला प्रयोग टोपलीतल्या बटाट्यांवर करा, पण मन रमलं की पुढच्या खेपेला प्रमाणित बेणं, म्हणजे लावणीसाठी तपासून दिलेले बटाटे, आणा. फरक पानांतच दिसतो.

अंधारात आलेले लांब, पांढरे कोंब हात लागताच मोडतात. बेणं दोन-तीन आठवडे उजेडात ठेवा, थेट उन्हात नको. मग कोंब बुटके, जाड आणि जांभळट येतात. अंड्याएवढं बेणं अख्खंच लावा. मोठं असेल तर प्रत्येक फोडीला दोन-तीन डोळे आणि साधारण ४०-५० ग्रॅम वजन येईल असं कापा आणि फोडी दोन-तीन दिवस सावलीत सुकू द्या. कापलेल्या भागावर कोरडी खपली धरली की लावा. ओली फोड मातीत कुजते.

माझ्या बटाट्याच्या झाडांना छोट्या हिरव्या टोमॅटोसारखी फळं आली आहेत. ही खातात का?

मुळीच नाही. ती विषारी असतात. घरात लहान मुलं असतील तर आजच तोडून टाका. बटाटा आणि टोमॅटो एकाच कुळातले, म्हणून हे साम्य. फळातलं बी रुजतं, पण त्यातून येणारं झाड आईसारखं निघेल याची खात्री नसते. म्हणून तर आपण बियांऐवजी बेणं लावतो.

ताई, दोन मोठ्या गोण्यांत बटाटे लावले होते. अडीच-तीन महिने झाडं हिरवीगार होती. आता दहा दिवसांत पानं पिवळी पडून खोडं आडवी झाली आहेत. पाणी वाढवून पाहिलं, काही उपयोग नाही. घरचे म्हणतात, बटाटे आयते मिळत असताना हा खटाटोप कशाला? खरं सांगते, आता मलाही तसंच वाटू लागलं आहे. उपटून टाकू का?

आधी पाणी बंद करा, अगदी आजपासून. तुमचं झाड आजारी नाही, त्याचं काम संपत आलंय. इतके दिवस पानांनी उन्हात जे अन्न तयार केलं ते खाली बटाट्यांत साठत होतं. पिवळी पडतानाही पानं उरलंसुरलं खाली धाडत असतात. आता पाणी देत राहिलात तर पिकलेले बटाटे मातीतच सडतील.

एक मात्र नीट पाहून घ्या. पानं एकसारखी पिवळी होत असतील तर निश्चिंत राहा. पण त्यांवर काळपट, ओलसर डाग असतील आणि पानामागे डागाच्या कडेला पांढुरकी बुरशी असेल, तर तो करपा. १८४५ पासून आयर्लंडमध्ये पिकामागून पीक गेलं आणि भीषण दुष्काळ पडला, तो याच रोगानं. करपा असेल तर खोडं जमिनीलगत कापून दूर टाका, म्हणजे पानांवरची बुरशी पाण्याबरोबर खाली उतरणार नाही.

करपा असो वा नसो, खोडं वाळल्यावर किंवा कापल्यावर दोन आठवडे थांबा. तेवढ्या काळात बटाट्याची साल पक्की होते. गोणीच्या कडेनं हात घालून एक बटाटा काढा आणि अंगठ्यानं घासा. साल सुटली तर अजून थांबा, नाही सुटली तर काढणीला घ्या. करप्याची शंका असेल तर मात्र मधे माती उकरू नका.

आता तुमचा खरा प्रश्न, कशाला? अठरा वर्षं मी बटाटे लावते आहे आणि दर वेळी काढणीच्या आदल्या रात्री मला नीट झोप लागत नाही. टोमॅटो रोज मोजता येतात, वांगं डोळ्यांसमोर फुगतं. बटाटा मात्र शेवटपर्यंत काही कळू देत नाही. रोप वीतभर झालं की आपण मातीची भर देतो, पुन्हा वाढलं की पुन्हा भर देतो, आणि त्या काळोखात काय चाललंय याचा पत्ता नसतो. वर पाला माजलेला आणि खाली चार गोट्या, असंही होतं. खतातलं नत्र (नायट्रोजन) जास्त झालं तर होतं, उष्णता वाढली तरी होतं. बटाटा पोसायला १५ ते २० अंशांचा गारवा लागतो. माती ३० अंशांच्या आसपास गेली की तो धरायचाच जवळजवळ थांबतो.

माझी पहिली गोणी मी खुरप्यानं उकरली आणि पहिल्याच घावात सगळ्यात मोठा बटाटा मधोमध चिरला. पांढरा गर ओला होऊन चमकत होता. फार वाईट वाटलं. तेव्हापासून मी फक्त हात वापरते. तुम्हीही गोणी कापडावर आडवी करा आणि माती बोटांनी मोकळी करा. बोटांना आधी काहीतरी गार, गुळगुळीत लागेल. दगडही गार असतो, पण त्याच्या भोवतीनं बोट फिरवलं की कळतं. बटाट्याला कड नसते. तो एका वाळक्या दोऱ्यासारख्या देठानं धरलेला असतो. ओढलात की देठ सुटतो आणि बटाटा तळहातात येतो. त्याच्या मागे दुसरा असतो, खाली तिसरा. मला तर आजही दर बटाट्याला तोंडानं मोजावंसं वाटतं, आणि मी मोजते.

मधेच तुम्ही लावलेलं बेणं सापडेल. सुरकुतलेली तपकिरी साल आणि आत नुसतं पाणी, दाबलं की फुटतं. त्यानं आपलं सगळं वर धाडलेलं असतं. मी ते थोडा वेळ हातात धरते आणि मग कुजायला टाकते. आयत्या बटाट्यांच्या ढिगात हे तुम्हाला कोण दाखवणार?

काढलेले बटाटे धुऊ नका. माती नुसती झटका, सावलीत तास-दोन तास वाळवा आणि अंधाऱ्या, हवेशीर जागी ठेवा. उजेडात ते हिरवे पडतात. हिरवा रंग विषारी नाही, पण त्याच उजेडानं सोलानिन नावाचं कडवट विषही वाढतं आणि ते शिजवून जात नाही. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातल्या लोकांनी हजारो वर्षांपूर्वी रानटी, कडवट बटाट्यांतून निवडत निवडत खाण्याजोगे बटाटे केले. उजेड लागला की तोच जुना कडवटपणा परततो. फार हिरवा किंवा कडू लागणारा बटाटा टाकून द्या. चिरलेले आणि ओरखडे पडलेले आधी खा, ते टिकत नाहीत.

किती निघाले ते मला जरूर कळवा, आठच निघाले तरी. आणि रिकामी झालेली माती लगेच दुसऱ्या कुंडीत भरू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी उजेडात पुन्हा एकदा हातानं चाळा. एखादा राहिलेला असतोच.