बेळगावात पीएचडी करतेय, विषय निपाणीच्या विडी कामगार बायकांची पेन्शन. उन्हाळ्यापुरती पगारी फेलोशिप मिळते का?

मिळते, पण मोजक्याच आहेत. नीती आयोगाच्या इंटर्नशिपचं नाव मोठं, मानधन शून्य. दिल्लीचं खोलीभाडं आपल्याच खिशातून.

तुम्हाला जमण्यासारखी म्हणजे व्हिएन्नाजवळच्या आयआयएएसए या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेची. जून ते ऑगस्ट, खास पीएचडीवाल्यांसाठी, १९७७ पासून चालू. भारत या संस्थेचा सदस्य देश असल्याने टायफॅक या केंद्र सरकारच्या तंत्रज्ञानविषयक संस्थेकडून खर्चाची सोय होऊ शकते. अर्ज मात्र साधारण जानेवारीतच बंद होतात, तेव्हा गाइडची शिफारस दिवाळी झाली की लगेच मागा. आणि नुसती निपाणी सांगून भागायचं नाही. म्हातारपण, असंघटित मजुरी असा मोठा धागा जोडा.

मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या मावशींशेजारीच बसायचं असेल, तर आयसीएसएसआरची (भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद) डॉक्टरल फेलोशिप बघा, महिना २०,०००. ती उन्हाळ्यापुरती नसते, हे उलट बरंच.