दाजींचा चहा

प्रिय ताई,
मी ३९ वर्षांचा, दापोडीला राहतो, टेम्पो चालवतो. पंधरा वर्षं दारू आणि पत्त्यांत घालवली. गेल्या नाताळात एक मित्र प्रार्थनेला घेऊन गेला. जानेवारीपासून बाटलीला हात लावलेला नाही आणि यंदाच्या ईस्टरला बाप्तिस्मा घेतला. महिना २४,००० मिळतात, त्यातला दशांश चर्चला न चुकता देतो. बायको खूश आहे, पण नातेवाइकांनी वाळीत टाकलंय. चिंचवडचे दाजी (कारखान्यात फिटर आहेत) परवा दारापर्यंत आले आणि चहाही न घेता गेले. माझ्या सख्ख्या ताईने तर गेल्या दिवाळीत भाऊबीजेलाही बोलावलं नाही. धर्म बदलला म्हणून सख्ख्या माणसांनी एवढा राग धरावा? पूर्वीचं एक पतसंस्थेचं कर्ज आहे, त्याचे महिना ३,४०० चौदा महिने दाजींच्या पगारातून कापतात, ते जामीन होते ना. पण ते जुन्या आयुष्यातलं. बायबलचं वचनच आहे, जुने ते होऊन गेले. मी नवा माणूस झालोय, हे यांना कसं पटवू?
– नवा माणूस, दापोडी

अहो नवा माणूस, ईस्टर दिवाळीनंतर येतो ना?

मग भाऊबीजेचं बिल बाप्तिस्म्याच्या नावावर का फाडताय? गेल्या दिवाळीत तुम्ही ख्रिस्ती झाला नव्हता. प्रार्थनेलाही गेला नव्हता, पहिल्यांदा गेलात ते नाताळात, हे तुम्हीच लिहिलंय. पगारातली कपात मात्र दिवाळीच्या आधीच सुरू झाली होती. बहिणीने ओवाळणीचं ताट काढलं नाही तेव्हा तिच्यासमोर क्रूस नव्हता, नवऱ्याची पगाराची स्लिप होती.

तुमच्या पत्रात दशांश आहे, चहा आहे, वाळीत टाकणं आहे. आणि मध्येच कुठेतरी, पोस्टमनने फटीतून सरकवावं तसं, "ते जामीन होते ना". त्या "ना"पाशी मी थांबले ते अजून तिथेच आहे.

आधी चहाचं बघू. मी तुमच्या धर्माची नाही, पण गुरुवार पेठेत पंचहौद चर्चच्या घंटा ऐकत वाढले. त्या मिशनमध्ये १८९० साली टिळक-रानड्यांसारखी मंडळी चहा-बिस्किटांना गेली आणि शहरात असं ग्रामण्य (वाळीत टाकण्याचा वाद) माजलं की प्रकरण प्रायश्चित्तापर्यंत गेलं. तेव्हा चहावरून धर्म बुडतो असं मानणारी माणसं पुण्याला नवी नाहीत, आजही सापडतील. तुमचे दाजी त्यांतले असते तर तुमच्या दारापर्यंत आलेच नसते. ते का आले होते, हे तुम्ही लिहिलेलं नाही. विचारलंत तरी का? माझा अंदाज सांगू? हप्त्याचं विचारायला आले असतील. तुम्ही "या, बसा, प्रभूने माझं आयुष्य कसं बदललं ते सांगतो" म्हणाला असाल, आणि त्या माणसाचा घसाच कोरडा पडला असेल.

चौदा गुणिले तीन हजार चारशे म्हणजे ४७,६०० रुपये. फिटरच्या घरातले. पगार झाला की ताई गॅसचे, किराण्याचे, पोरांच्या फीचे पैसे वेगळे काढत असेल, आणि रक्कम पुरी पडली नाही की त्या घरात तुमचं नाव निघत असेल. दर महिन्याला. तुमच्यासाठी जुनं आयुष्य जानेवारीत संपलं. त्यांच्याकडे ते दर पगाराला नव्याने सुरू होतं.

आणि पतसंस्थेला बोल लावू नका. १८७२च्या करार कायद्याच्या १२८व्या कलमानुसार जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. कर्जदार हाती लागेना, तेव्हा ज्याचा पगार ठरलेल्या तारखेला होतो त्याला त्यांनी धरलं. दाजींचा गुन्हा एवढाच, की ते नोकरीला नियमित जातात आणि मेव्हण्यासाठी त्यांनी सही केली.

वचनाचा आधार तुम्ही घेतलात, म्हणून मीही घेते. बायबलमधलं फिलेमोनाला पौलाने लिहिलेलं पत्र काढा. एकच अध्याय, पंचवीस वचनं, चहा गार व्हायच्या आत वाचून होतं. अनेसिम नावाचा एक दास मालकाला, म्हणजे या फिलेमोनाला, सोडून गेलेला. पौलाच्या हाताखाली तो विश्वासात आला, नवा माणूस झाला, अगदी तुमच्यासारखा. तुरुंगातून पौल त्याला त्याच मालकाकडे परत पाठवतो. सोबतच्या पत्रात "तो आता नवा झालाय, मागचं सोडून दे" एवढंच लिहून मोकळा होत नाही. लिहितो की याचं काही देणं असेल तर माझ्या नावावर मांड, आणि पुढे, हे मी माझ्या हाताने लिहितो आहे, मी फेडीन. अहो, हा जामीनदाराचा फॉर्मच झाला! पौलाने अनेसिमसाठी जी सही केली, ती तुमच्यासाठी दाजींनी केली. फरक एवढाच की दाजी खरोखर फेडतायत. तुम्हाला बाप्तिस्मा देणाऱ्याचे पाय धरत असाल तर चिंचवडलाही एक जोडी आहे.

दारू सुटली ही लहान गोष्ट नाही. पंधरा वर्षांची सवय मोडून इतके महिने कोरडे राहणं म्हणजे काय, ते मी माझ्या धाकट्या काकांच्या बाबतीत बघितलंय. त्यांना ते जमलं नाही. तुम्हाला जमलं, त्याला माझा नमस्कार. पण एक विचारते. तुमच्या मंडळीत तुम्ही साक्ष देत असाल, प्रभूने आयुष्य कसं बदललं त्याची. तिच्यात बाटली येत असेल, वाईट संगत येत असेल, सैतानही येत असेल. दाजी येतात का? तुमच्या पास्टरांना ही कपात माहीत आहे का? नसेल तर ती माहीत का नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

दशांशाचे २,४०० तुम्ही न चुकता देता. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशूने सांगितलंय की वेदीपाशी दान घेऊन आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे हे आठवलं, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन त्याच्याशी समेट कर, मग येऊन दान दे. हे तुमच्या पास्टरांना वाचून दाखवा आणि सांगा, हे कर्ज फिटेपर्यंत माझा दशांश चिंचवडला जाणार आहे. खरे पास्टर असतील तर तुमच्याबरोबर यायला निघतील. दशांशाला वरचे हजार जोडा, हप्ता झाला. टेम्पोच्या दोन जास्तीच्या फेऱ्या मारा, पण जोडा.

त्याआधी एका सकाळी पतसंस्थेत जा, खातेउतारा घ्या आणि पुढचा हप्ता मी स्वतः भरतो असं लेखी देऊन त्याची पोच घ्या. कपात थांबेपर्यंत ३,४०० दर महिन्याला दाजींच्या हातात, आणि मागचे ४७,६०० कसे देणार ते कागदावर लिहून. पहिली रक्कम याच पगारातून.

दापोडीहून लोकलने तिसरं स्टेशन चिंचवड. रविवारी उपासना झाली की जा, पण बायबल घरी ठेवून जा. साक्ष द्यायची नाही, माफीचं भाषण करायचं नाही, डोळ्यांत पाणी आणायचं नाही. भाऊबीजेचा विषय तर अजिबात काढायचा नाही. पाकीट दाजींच्या हातात द्या, ताईच्या नको, तिला मध्ये घालू नका. म्हणा, "दाजी, हा या महिन्याचा." मग गप्प बसा. ते पैसे मोजतील तर मोजू द्या.

ताईने चहा ठेवला तर थांबा. नाही ठेवला तर पाणी मागून प्या आणि परतीची लोकल पकडा. पुढच्या पगाराला पुन्हा जायचंय.